नवजात बाळाच्या अंगात औषध जातं कुठे? संगणकावरचा हिशोब

तळ्याकाठचा

गप्पांच्या पानावर परवा एकाने विचारलं होतं, "बाळ तीन किलोचं, मी साठ किलोचा. माझ्या डोसचा विसावा हिस्सा बाळाला दिला की झालं, त्यात एवढं काय?" उत्तर लिहायला बसलो तर लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढला. मी फार्मसी शिकलो, आणि सध्या सोलापुरात घरी बसूनच औषध शरीरात कसं पसरेल याची संगणकावर मांडणी करतो. डॉक्टर नाही. इथले आकडे वाचून कुणी कुणाला डोस देऊ नये, हे आधीच सांगतो.

विसाव्या हिश्श्याचा हिशोब जेंटामायसिनवर करून बघू. नवजातांच्या जंतुसंसर्गात हे इंजेक्शन जगभर वापरतात. ते पाण्यात विरघळतं, चरबीत शिरत नाही, पेशींच्या आतही फारसं जात नाही. पेशींबाहेरच्या पाण्यात फिरत राहतं. मोठ्या माणसात किलोमागे साधारण पाव लिटर पाण्यात ते पसरतं, म्हणजे ६० किलोला १५ लिटर. रक्तात लिटरमागे १० मिलिग्रॅम पातळी हवी असेल तर १५० मिलिग्रॅम लागेल. आता बाळ घ्या. त्याच्या वजनातलं ७५ ते ८० टक्के पाणीच. आपल्यात ६० च्या आसपास. पेशींबाहेरचं पाणी तर बाळात वजनाच्या ४० टक्क्यांहून जास्त, आपल्यात २०. त्यामुळे हेच औषध बाळात किलोमागे जवळजवळ अर्ध्या लिटरमध्ये पसरतं. तीन किलोला दीड लिटर, आणि तीच पातळी गाठायला १५ मिलिग्रॅम. विसावा हिस्सा धरला असता तर साडेसात दिलं असतं. निम्मंच!

मग बाळाला किलोमागे दुप्पट देत राहायचं? तेही नाही. जेंटामायसिन बाहेर टाकणार किडनी, आणि ती अजून पुरती कामाला लागलेली नसते. मोठ्या माणसात औषध निम्मं व्हायला दोन-तीन तास लागतात. पूर्ण दिवसांच्या बाळात पहिल्या आठवड्यात सहा तासांच्या आसपास, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्याहून बरेच जास्त. म्हणून एका वेळी किलोमागे जास्त द्यायचं आणि मग २४ तास, फारच लहान बाळात ३६ ते ४८ तास थांबायचं. पूर्वी बारा-बारा तासांनी थोडं थोडं देत. ती पद्धत त्यामुळेच मागे पडली.

हे झालं एका सरळ औषधाचं. चरबीत मुरणारं, प्रथिनांना चिकटणारं, लिव्हरमध्ये मोडणारं औषध आलं की तोंडी हिशोब संपतो आणि संगणक लागतो. त्यात एक कागदी शरीर उभं करतात: मेंदू, हृदय, फुप्फुसं, लिव्हर, किडनी, स्नायू, चरबी, कातडी, हाडं. प्रत्येकाचं आकारमान किती, मिनिटाला रक्त किती जातं, त्यात पाणी किती, चरबी किती, हे भरायचं. मग औषधाचे गुण द्यायचे: चरबीत किती विरघळतं, आम्ल की अल्कली, प्रथिनांना किती चिकटतं. प्रत्येक अवयवासाठी 'आत आलेलं वजा बाहेर गेलेलं' असं एक समीकरण, आणि सगळी एकत्र सोडवायची. कल्पना जुनी आहे, १९३७ साली स्वीडनच्या टॉर्स्टेन टिओरेल यांनी मांडलेली. पण इतकी समीकरणं हाताने कोण सोडवणार? संगणक आल्यावरच तिला बरे दिवस आले. आमच्या धंद्यात याला पीबीपीके म्हणतात, म्हणजे शरीररचनेवर बेतलेला औषधाच्या प्रवासाचा हिशोब.

नवजातासाठी हे शरीर नुसतं लहान करून चालत नाही, वेगळंच बांधावं लागतं. मेंदू वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त, आपल्यात दोन. चरबी पूर्ण दिवसांच्या बाळात १२-१५ टक्के, पण २८ आठवड्यांतच जन्मलेल्या बाळात जेमतेम २-३. औषध ज्यांना चिकटतं त्या रक्तातल्या प्रथिनांपैकी अल्ब्युमिन कमी, अल्फा-१ आम्ल ग्लायकोप्रोटीन तर त्याहून कमी, म्हणून मोकळं फिरणारं औषध जास्त. आणि परिणाम करतं ते मोकळंच. लिव्हरमध्ये औषधं मोडणारं सीवायपी ३ए७ हे पोटातल्या बाळाचं एन्झाइम जन्मानंतर ओसरत जातं आणि मोठ्यांचं ३ए४ चढत जातं. हे सगळं दर आठवड्याला बदलत असतं.

शंका विचारा. जमेल तसं उत्तर देतो.

शेंगाचटणी

पहिला! बाकी निम्मं डोक्यावरून जायलंय, पण वाचनखूण साठवली. बायकोला दाखवतो, ती बीएस्सी आहे.

यंत्रमाग

आमचं रंगखातं आहे. सुती सूत ज्या रंगात टाकलं की धरतं, त्याच रंगात पॉलिस्टर टाकलं तर कोरंच बाहेर येतं. टाकीत रंग तेवढाच, पण कुठल्या धाग्याने किती ओढायचा ते त्या धाग्यावर. तुमचे अवयव म्हणजे असे वेगवेगळे धागे का?

तळ्याकाठचा

@यंत्रमाग, अगदी तेच. कुठल्या अवयवाने किती ओढलं आणि रक्तात किती राहिलं, हे गुणोत्तरच आम्ही काढतो, आणि ते अवयवातल्या चरबी-पाण्याच्या प्रमाणावरून काढता येतं. फरक इतकाच की औषध पक्कं बसत नाही. रक्तातली पातळी उतरली की अवयवातून परत रक्तात येतं.

पाढे_पाठ

निवृत्त गणित शिक्षक. किडनी 'अजून पुरती कामाला लागलेली नसते' हे वाक्य मला पचत नाही. पुरती म्हणजे किती? आकडा द्या.

तळ्याकाठचा

सर, देतो. आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजलेलं बाळाचं वय आठवड्यांत घ्या, त्याला व म्हणू. किडनीची गाळण्याची ताकद मोठ्यांच्या मानाने किती, याचं २००९ साली प्रसिद्ध झालेलं एक सूत्र बरंच वापरतात: व चा ३.४ वा घात, भागिले व चा ३.४ वा घात अधिक ४७.७ चा ३.४ वा घात. वजनाचा फरक वेगळा धरायचा, वजनाच्या पाऊण घाताने.

पाढे_पाठ

कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. २८ आठवड्यांना १४ टक्के. ४० आठवड्यांना साडेपस्तीस. जन्मानंतर एक वर्षाने, म्हणजे ९२ आठवडे धरून, ९० टक्के. आणि ४७.७ ला बरोबर निम्मं, ते सूत्रावरूनच दिसतं. छान आहे. पण एक खोट आहे. हे सूत्र वय पाहतं, जन्म पाहत नाही. ३२ आठवड्यांचं बाळ पोटात असो की काल जन्मलेलं, त्याला सारखंच.

तळ्याकाठचा

सर, दंडवत! नेमक्या याच जागी ते लंगडं पडतं. जन्मल्यावर किडनीचा रक्तपुरवठा झपाट्याने वाढतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत गाळण्याची ताकद साधारण दुप्पट होते. म्हणून चांगल्या मॉडेलमध्ये किती आठवड्यांचं जन्मलं आणि जन्मून किती दिवस झाले, हे दोन्ही वेगळे घेतात. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड.

बाराबंदी

बालरोगतज्ज्ञ, नवजात विभागात बरीच वर्षं. लेख चांगला, पण थोडं थंड पाणी ओततो.

एक. मॉडेलमधलं बाळ निरोगी असतं, माझ्याकडचं नसतं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाच्या केशवाहिन्या गळतात, अंग सुजतं, पाणी आणखी वाढतं. जन्मताना गुदमरलेल्या बाळाची किडनी वयापेक्षा मागे असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो तेव्हा दूध नीट न मिळालेली, सुकलेली बाळं येतात, सोडियम वाढलेलं. त्यांच्यात पाणी उलट कमी. तुमचा अर्धा लिटर कुठे बसवू?

दोन. किडनीसाठी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ, बघायचं म्हटलं तर पहिल्या एक-दोन दिवसांत रिपोर्टवर येतं ते बरंचसं आईचं.

तीन. या मॉडेलवाल्यांचे पेपर मी वाचलेत. अंदाज प्रत्यक्षाच्या निम्मा ते दुप्पट यात आला की 'मॉडेल यशस्वी' लिहितात. निम्मा ते दुप्पट! जेंटामायसिनची पातळी दुप्पट लागली आणि तशीच राहिली तर कान आणि किडनी दोन्ही पणाला.

तळ्याकाठचा

डॉक्टरसाहेब, तिसऱ्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. तो निकष या क्षेत्रात रुळलेला आहे, आणि ज्या औषधात गुण आणि विष यांत थोडंच अंतर आहे, त्याला तो लावणं मला पटत नाही. पेनिसिलिनला चालेल, जेंटामायसिनला नाही.

पण मॉडेल नसेल तर हातात काय राहतं तेही बघा. मोठ्या माणसात नवं औषध तपासताना दहा-बारा वेळा रक्त काढतात. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्तच ९० मिलिलिटरच्या आसपास. त्यातून किती काढणार? म्हणून नवजातांना दिलेली कितीतरी औषधं त्या वयात कधीच रीतसर तपासलेली नसतात. मोठ्यांवरून अंदाज, नाहीतर आधीच्या डॉक्टरांची सवय. त्या अंदाजाने काय झालं तेही नोंदलेलं आहे. १९५६ साली अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग होऊ नये म्हणून सल्फिसॉक्साझोल दिलं, तर त्या गटात जास्त बाळं गेली. जंतू तर औषधाने मरत होते. पण ते अल्ब्युमिनवर जाऊन बसलं, तिथलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, हटलं आणि मेंदूत शिरलं. १९५९ साली क्लोरॅम्फेनिकॉल: लिव्हरमध्ये ते ग्लुक्युरॉनिक आम्लाला जोडून बाहेर काढायची यंत्रणाच तयार नव्हती. औषध साठत गेलं, बाळं राखाडी पडून दगावली. पहिला घोटाळा औषध कुठे गेलं याचा, दुसरा बाहेर न पडल्याचा. आजचं बऱ्यापैकी मॉडेल या दोन्हींवर आधीच लाल खूण करेल.

बाराबंदी

हे मान्य. कावीळ असलेल्या नवजाताला आम्ही सेफ्ट्रायाक्झोन टाळतो आणि सेफोटॅक्झिम देतो, ते याच बिलिरुबिनपायी. कॅल्शियमचं सलाईन चालू असेल तर सेफ्ट्रायाक्झोन नाहीच, ते कारण वेगळं, दोघांचा साका धरतो. पण हा शहाणपणा माणसं गमावून आला, संगणकातून नाही.

तळ्याकाठचा

आला तसाच. आता पुढच्या औषधाला तेवढी किंमत मोजावी लागू नये, एवढीच माझी मागणी आहे. काम क्रमाने होतं: आधी मॉडेल मोठ्या माणसांच्या खऱ्या आकड्यांशी ताडून बघायचं, मग मोठ्या मुलांच्या, मग तान्ह्यांच्या. तिथे जुळलं तरच नवजातात उतरायचं. मग संगणकात हजार बाळं तयार करायची, वेगवेगळ्या वजनांची आणि आठवड्यांची, आणि एकाच डोसने किती जणांत पातळी धोक्यात जाते ते पाहायचं. त्यातून सुरुवातीचा डोस मिळतो. आणि दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: रक्त नेमकं कधी काढलं तर दोन थेंबांत सगळ्यात जास्त कळेल, ते मिळतं. बाकीच्या तपासण्यांसाठी काढलेल्या रक्तातलं उरलेलं, किंवा टाचेच्या टोचणीचा कागदावर वाळवलेला थेंब, यावरही पातळी मोजता येते.

सुजलेलं बाळ, सुकलेलं बाळ मॉडेलमध्ये घालता येतं, पाण्याचा आकडा बदलून. पण किती बदलायचा, हे सांगणारी मोजमापं फार थोडी आहेत. तिथे तुमचंच खरं.

शेंगाचटणी

अवांतर: लहान बाळांना कॉफीचं औषध देतात म्हणे? खरं का? आमच्या मेव्हण्याच्या बाळाच्या फाइलवर कॅफीन लिहिलेलं वाचून सासूबाईंनी दवाखाना डोक्यावर घेतला होता.

बाराबंदी

खरं आहे. अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास घ्यायला विसरतात. कॅफीन सायट्रेटने मेंदूतलं श्वासाचं केंद्र जागं राहतं. सासूबाईंना सांगा, चहा नव्हे, औषध आहे.

तळ्याकाठचा

आणि वितरणापेक्षा मोडतोड किती महत्त्वाची ठरते, याचं ते नामी उदाहरण आहे. तुमच्या अंगात कॅफीन निम्मं व्हायला पाच तास लागतात, नवजातात तीन-चार दिवस. ते मोडणारं सीवायपी १ए२ जन्मताना जवळपास नसतंच, त्यामुळे बरंचसं कॅफीन जसंच्या तसं लघवीवाटे हळूहळू जातं. म्हणून दिवसातून एकदा दिलं की पुरतं. पूर्वी थिओफिलिन देत. बाळाचं शरीर त्यातल्या काही भागाचं कॅफीन करून टाकतं, मोठ्यांत तसं जवळजवळ होत नाही.

अक्कलकोटची_लेक

माझं बाळ दीड महिन्याचं आहे. सासरी बाळगुटी सुरू करायची म्हणतात: वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा, सगळं सहाणेवर उगाळून. एक-दोन वेढेच देतात. तुमचा संगणक याचं काही सांगतो का? भांडण नको आहे, खरंच विचारतेय.

तळ्याकाठचा

ताई, संगणकाला आधी विचारावं लागतं की घटक कोणता आणि किती मिलिग्रॅम. एका वेढ्यात किती उतरलं, हे जायफळाच्या जातीवर, सहाणेवर आणि उगाळणाऱ्या हातावर. त्यामुळे आकडा देता येत नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एवढं सांगतो की जायफळ-वेखंडातली वासाची तेलं चरबीत विरघळणारी, लिव्हरने मोडायची असतात, आणि दीड महिन्याच्या बाळाची ती यंत्रणा अजून अर्धीकच्ची असते. मोठ्यांना एक चिमूट जायफळ पचतं, यावरून बाळाचं काही ठरत नाही.

बाराबंदी

सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नाही, मध नाही, वरचं पाणीही नाही. घरात माझं नाव सांगा. आणि बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवत असाल तर आजच काढा. जी-६-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याच्या वाफेनेही फुटतात, कावीळ एकदम चढते.

अक्कलकोटची_लेक

गोळ्या होत्या. काढल्या. धन्यवाद डॉक्टर.

पुण्यात_पण_सोलापूरचा

उशिरा आलो. तळ्याकाठचे, तुमच्या सॉफ्टवेअरमधलं नवजात बाळ किती किलोचं असतं?

तळ्याकाठचा

मूळ बाळ बहुतेक ठिकाणी आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या संदर्भ-शरीरावरून घेतात: साडेतीन किलो, ५१ सेंटिमीटर.

पुण्यात_पण_सोलापूरचा

वाटलंच. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केईएम रुग्णालयातून आसपासच्या खेड्यांतल्या बाळंतिणींचा अभ्यास केला. २००३ साली त्यांनी तिथली बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. इथलं बाळ सरासरी २.७ किलो, तिथलं ३.५. पण गंमत वजनात नाही. आपलं बाळ सगळीकडून सारखं लहान नव्हतं. पोटाचा घेर आणि स्नायू सगळ्यात जास्त मागे, आणि खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मात्र बरीचशी टिकलेली. दिसायला बारीक, आतून चरबीचं बाळ. साडेतीन किलोच्या बाळाला नुसतं आक्रसून २.७ केलं, तर तुमची समीकरणं कुठल्या बाळाची सुटतात?

तळ्याकाठचा

धाग्यातला सगळ्यात वजनदार प्रतिसाद. पोटाचा घेर मागे म्हणजे लिव्हरसारखे पोटातले अवयवही वजनाच्या मानाने लहान असण्याची शक्यता. तसं असेल तर मॉडेल आपल्या बाळाला हवी त्याहून मोठी लिव्हर देतं आणि औषध खऱ्यापेक्षा लवकर मोडेल असं सांगतं. चरबी टिकलेली आणि स्नायू कमी, म्हणजे चरबीत मुरणारं औषध जरा वेगळीकडे जाणार. जेंटामायसिनला फरक थोडा पडेल, झोपेच्या-झटक्यांच्या औषधांना जास्त. सॉफ्टवेअरमध्ये अवयवांचे आकडे बदलता येतात. पीके-सिम तर फुकट आहे आणि त्याचा कोडही उघडा आहे. पण बदलून काय घालू? आपल्या बाळांच्या अवयवांची मोजमापं सोनोग्राफीवर घेऊन कुणीतरी तक्ता करायला हवा. सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी घरं, विडी वळणाऱ्या आया, गिरणगावातली कुटुंबं, सगळी एका वॉर्डात येतात. असा तक्ता इथेच व्हायला हवा, असं माझं मत आहे.

बाराबंदी

यावर मात्र तुमच्या बाजूने. गुदमरलेल्या बाळांना ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत जीव वाचवतो. भारत, श्रीलंका, बांगलादेशात हेलिक्स चाचणी केली, निष्कर्ष २०२१ साली आले, तर थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त. तिथलं बाळ इथे तसंच्या तसं उतरत नाही, हे आम्ही पाहिलंय. सोनोग्राफीचं बघू. विभागात बोलतो.

रात्रपाळी

मी नवजात विभागात सिस्टर आहे. सगळं वाचलं, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. तुमचं मॉडेल औषध कधीपासून मोजतं?

तळ्याकाठचा

सिस्टर, नोंदवहीत औषध दिल्याची जी वेळ लिहिलेली असते तेव्हापासून.

रात्रपाळी

तिथेच चुकतं. सातशे-आठशे ग्रॅमच्या बाळाचं सिरिंज पंपावर तासाला अर्धा मिली चालू असतं. पंपापासून बाळापर्यंतच्या नळीत एक मिली मावत असेल तर औषध बाळापर्यंत पोचायला दोन तास. मी आठला दिलं असं लिहिते, बाळाला मिळतं दहाला. साडेआठला रक्त काढलं तर पातळी शून्यच येणार, आणि मग डोस वाढवा म्हणतात.

पाढे_पाठ

एक भागिले अर्धा, दोन. बाईंनी सगळ्या घातांवर मात केली.

तळ्याकाठचा

सिस्टर, हे मी मॉडेलमध्ये घालतो, बाळाच्या आधी एक नळी जोडून. पण मला नोंदवहीत दोन वेळा लागतील: पंप सुरू केल्याची आणि नळी धुवून औषध पूर्ण आत गेल्याची. रक्त काढल्याचीही मिनिटासकट. आणि फ्लश किती मिलीचा देता?

रात्रपाळी

नळी बघून, अर्धा ते एक मिली, सावकाश. पण तेही बाळाच्या दिवसाच्या पाण्यात धरतो, आणि नॉर्मल सलाईन असेल तर त्यातलं सोडियमही. दिवसाला आठ-दहा फ्लश झाले तर एवढ्याशा बाळाला ते पाणी थोडं नसतं. दोन वेळा लिहायला माझी हरकत नाही. तक्त्यात रकाना वाढवून द्या म्हणजे झालं, समासात लिहिलेलं पुढच्या पाळीला वाचता येत नाही.

बाराबंदी

रकाना करून देतो. सोमवारी छापून आणतो.